कताकानाचा ओनामा

एखाद्या गोष्टीची सुरुवात करणे याला आपण ‘ओनामा करणे’ म्हणतो. हा शब्द आला ‘ॐ नमः सिद्धम्’ या वाक्यातून. धूळपाटीवर पहिले अक्षर गिरवण्यापूर्वी पंतोजी मुलांकडून ते म्हणवून घेत. मुलांच्या तोंडी त्याचे ‘ओनामासीधं’ झाले आणि पुढे त्यातला ‘ओनामा’ तेवढा उरला. यातला ‘सिद्धम्’ हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. तो आपल्याला पुढे जपानात भेटणार आहे.

वाशिम जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यात शेलूबाजार आहे. तिथल्या आठवी-नववीच्या काही मुलांना आम्ही सुट्टीत जपानी अक्षरे शिकवायला बसलो, ते मुलांच्याच आग्रहामुळे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यातल्या गाडीवाट गावच्या जिल्हा परिषद शाळेतली मुले जपानी शिकतात, अशी बातमी २०२० साली वर्तमानपत्रांत आली होती. कोणती परदेशी भाषा शिकायला आवडेल असे विचारले, तेव्हा यंत्रमानव आणि तंत्रज्ञानाच्या ओढीने बहुतेकांनी जपानीचे नाव घेतले होते. ते कात्रण आमच्या एका सहकाऱ्याने जपून ठेवले होते. त्याने ते वर्गात दाखवले आणि मग सुटका नव्हती. आम्हांला जपानी बोलता येत नाही. अक्षरे मात्र पुस्तकावरून गिरवून येत होती, किंवा येतात असे आम्हांला वाटत होते.

जपानी लेखनात तीन प्रकारची चिन्हे एकत्र नांदतात. चीनमधून आलेली हजारो चित्राक्षरे, म्हणजे कांजी, वळणदार हिरागाना, आणि सरळ, कोनदार कताकाना. पुढची दोन उच्चारांची चिन्हे आहेत आणि प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांची. कताकानाचा उपयोग आज परदेशी शब्द आणि नावे, प्राणी-वनस्पतींची शास्त्रीय लेखनातली नावे, आवाजांची अनुकरणे अशा ठिकाणी होतो. म्हणजे आपले नाव आणि आपल्या गावाचे नाव जपानीत लिहायचे तर कताकानातच. मुलांना तेवढेच हवे होते.

पहिल्या दिवशी आम्ही चूक केली. अक्षरांचा तक्ता फळ्यावर लावला आणि ‘उतरवून घ्या’ म्हटले. मुलांनी उतरवून घेतला, म्हणजे चित्रे काढली. कोणी रेघ खालून वर ओढली, कोणी वरून खाली. कोणी आधी उभी रेघ मारून मग आडवी. अक्षरे देवनागरीच्या सवयीने वरच्या रेषेला टांगलेली. ‘शि’ आणि ‘त्सु’ ही दोन अक्षरे तर सगळ्यांनी सारखीच काढली. दोन लहान फटकारे आणि एक मोठी तिरकी रेघ, एवढेच त्यांना दिसले. खरे सांगायचे तर फळ्यावर आम्हीही ती सारखीच काढली होती.

तेव्हा तक्ता उतरवून ठेवला आणि ही अक्षरे आली कुठून, ती गोष्ट आधी सांगायचे ठरवले. पुढचे शिकवणे सोपे झाले ते त्या गोष्टीमुळे.

जपानला स्वतःची लिपी नव्हती. चिनी अक्षरे कोरियामार्गे तिथे पोचली आणि त्यांच्याबरोबर चिनी भाषांतरातले बौद्ध ग्रंथ पोचले. चिनी आणि जपानी या भाषांचा एकमेकींशी संबंध नाही. वाक्यरचना वेगळी, प्रत्यय वेगळे. जपानी विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदांची रूपे लिहायला चिनीत चिन्हेच नव्हती. म्हणून जपान्यांनी काही चिनी अक्षरांचा अर्थ बाजूला ठेवून फक्त उच्चार घेतला. आठव्या शतकातला ‘मान्योशू’ हा मोठा काव्यसंग्रह बराचसा अशाच रीतीने लिहिलेला आहे. पण एकेका उच्चारासाठी सहा-सहा, दहा-दहा फटकाऱ्यांचे अक्षर लिहायचे म्हणजे हात दुखणारच.

आता नवव्या शतकाच्या सुरुवातीचा नारा येथील एखादा विहार डोळ्यांसमोर आणा. आचार्य चिनी ग्रंथ समजावून सांगत आहेत. शिष्य समोर ग्रंथ घेऊन बसला आहे आणि ऐकलेले त्याला टिपून घ्यायचे आहे. कागद महाग, तेव्हा वेगळी वही नाही. टिपायची जागा म्हणजे दोन ओळींमधली चिंचोळी पट्टी. वेळही नाही, कारण आचार्य थांबत नाहीत. मग शिष्य काय करतो? पूर्ण अक्षर लिहीत नाही, त्याचा एक तुकडा लिहितो. ‘इ’साठी वापरायच्या अक्षराची फक्त डावी बाजू. ‘रो’च्या अक्षरात एकाखाली एक दोन चौकोन असतात, त्यांतला एकच. ‘का’च्या अक्षराचा पाच फटकाऱ्यांपैकी डावीकडचा दोन फटकाऱ्यांचा भाग. ‘कताकाना’ या नावातल्या ‘कता’चा अर्थच एकांगी, अपुरा, तुकडा असा आहे. अशा टिपणांची तारीख असलेल्या सर्वांत जुन्या ग्रंथांत इ. स. ८२८ मधली ‘जोजित्सुरोन’ची प्रत मोडते. या टिपा पांढऱ्या किंवा शेंदरी शाईने केलेल्या असत. काही वेळा शाईही नसे. टोकदार काडीने कागदावर नुसते ओरखडे काढत. असे ओरखडे कोरियातल्या जुन्या ग्रंथांवरही सापडले आहेत. त्यावरून, तुकडा लिहिण्याची ही युक्ती आधी कोरियात निघाली असावी, असे काही जपानी संशोधक २००० नंतर मांडू लागले. तो वाद अजून चालू आहे.

परंपरा मात्र कताकानाचे श्रेय आठव्या शतकातल्या किबी नो माकिबी या विद्वान मंत्र्याला देते. आपल्याकडे मोडीचे श्रेय हेमाडपंताला देतात आणि ती त्याने लंकेहून आणली असेही सांगतात, तसाच हा प्रकार. लिपी एका माणसाने एका रात्री शोधून काढली, ही गोष्ट लोकांना आवडते. पुरावा वेगळे सांगतो. सुरुवातीच्या टिपणांत एकाच उच्चाराला विहारागणिक वेगळे तुकडे दिसतात. ते हळूहळू घासून सारखे झाले, आणि एका उच्चाराला एकच आकार हा नियम तर १९०० साली प्राथमिक शाळांच्या सरकारी नियमावलीने घालून दिला. कताकाना ही विद्यार्थ्यांनी समासात घडवलेली लिपी आहे, असे म्हणायला हरकत नाही. हे ऐकून आमच्या वर्गातल्या, पुस्तकात पेन्सिलीने लिहिल्याबद्दल नेहमी बोलणी खाणाऱ्या एका मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

ही गोष्ट सांगितल्यावर आम्ही पुन्हा ‘शि’ आणि ‘त्सु’कडे वळलो. ‘त्सु’ हे अक्षर ‘नदी’ या अर्थाच्या चिनी अक्षरावरून आले, असे बहुतेक जाणकार मानतात. त्या अक्षरात शेजारी शेजारी तीन उभ्या धारा आहेत, वरून खाली वाहणाऱ्या. म्हणून ‘त्सु’चे दोन फटकारे शेजारी शेजारी, माथे एका पातळीत, आणि तिसरी मोठी रेघ वरून खाली, डावीकडे वळत जाणारी. ‘शि’चे मूळ अक्षर वेगळे आहे. त्यात फटकारे एकाखाली एक येतात आणि शेवटची रेघ खालून उजवीकडे वर उचलली जाते. तशीच जोडी ‘सो’ आणि शेवटच्या ‘न्’ची. ‘सो’ची मोठी रेघ वरून खाली, ‘न्’ची खालून वर. पेन्सिलीने लिहिताना हा फरक जेमतेम दिसतो. कुंचल्याने लिहिताना तो लपतच नाही, कारण रेघ जिथे सुरू होते तिथे जाड असते आणि जिथे कुंचला उचलतो तिथे निमुळती होते. आम्ही बाभळीच्या काडीचे टोक चेचून कुंचले केले आणि निळ्या शाईत बुडवून जुन्या वर्तमानपत्रांवर लिहायला दिले. दहा मिनिटांत ‘शि’ आणि ‘त्सु’ वेगळे झाले. पाठ्यपुस्तकांत फटकाऱ्यांचा क्रम आकडे घालून देतात. हात तो क्रम मानतो का, ते काडी सांगते.

ज्यांना वर्गात करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी एवढे सांगतो. गणिताची चौकटीची वही घ्यावी आणि चार चौकटींचे एक घर धरावे. अक्षर घराच्या मध्यावर बसते; त्याला शिरोरेषा नाही, ते कशालाही लटकत नाही. बहुधा आडवी रेघ आधी आणि तिला छेदणारी नंतर. डावीकडचे आधी, उजवीकडचे नंतर. रेघेचा शेवट तीन प्रकारे होतो: थांबून, निमुळता सोडून किंवा लहानसा आकडा काढून. सुरुवात ‘नो’पासून करावी. वर उजवीकडून खाली डावीकडे ओढलेली एकच रेघ, झाले अक्षर. मग ‘नि’, म्हणजे दोन आडव्या रेघा, खालची लांब. ‘हा’, म्हणजे वरून फाकत खाली येणाऱ्या दोन रेघा. हे मूळ ‘आठ’ या अंकाचे चिनी अक्षर. ‘मि’, म्हणजे ‘तीन’ या अंकाचे अक्षर जरा तिरके केलेले. ‘रो’चा चौकोन चार रेघांचा दिसतो, पण तो तीनच फटकाऱ्यांत काढतात: आधी डावी उभी, मग वरची आणि उजवी न उचलता एकत्र, शेवटी तळ. घरात सामान भरून मग दार लावावे, तसा तळ शेवटी.

आकारांची गोष्ट इथे संपते. क्रमाची गोष्ट निराळी आहे आणि ती थेट आपल्या घरापर्यंत येते.

आपल्या वर्गातला वर्णमालेचा तक्ता घ्या आणि जपानीत स्वतंत्र अक्षर नसलेल्या वर्णांवर खडूने काट मारत जा. स्वरांतले दीर्घ स्वर, ऋ, ऐ, औ काढून टाका. राहिले अ, इ, उ, ए, ओ. व्यंजनांत महाप्राण नाहीत: ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ गेले. ट-वर्ग अख्खा गेला. ग, ज, द, ब हे घोष वर्ण वेगळ्या अक्षराने लिहीत नाहीत; क, च, त, प यांच्या डोक्यावर दोन टिंबे देतात, तेव्हा तेही गेले. ङ, ञ गेले. ल आणि र मिळून एकच. श, ष, स, ह, ळ तूर्त बाजूला ठेवा. उरले काय? क, च, त, न, प, म, य, र, व. आता जपानी तक्त्यातल्या ओळी वाचा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ‘च’च्या जागी ‘सा’ आणि ‘प’च्या जागी ‘हा’ एवढे सोडले, तर क्रम तंतोतंत आपला आहे. कंठापासून ओठांपर्यंत येणारा.

वर्गात शांतता पसरली. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, ‘का’वर टिंबं देले का ‘गा’ होते, ‘ता’चा ‘दा’ होते, हे समजलं. पण ‘हा’वर टिंबं देले तर ‘बा’ कसा काय होते?”

इतका नेमका प्रश्न आम्ही स्वतः कधी विचारला नव्हता. ‘ह’चा उच्चार कंठातला, ‘ब’चा ओठांचा. ‘ह’चा घोष जोडीदार ‘ब’ कसा? उत्तर असे की, ज्या काळी ही व्यवस्था बसली त्या काळी ती ओळ ‘हा’ नव्हतीच, ती ‘पा’ होती. पुढे ‘पा’चा दोन ओठांतून फुंकलेला ‘फा’ झाला आणि शेवटी ‘हा’ झाला. मधल्या पायरीचा पुरावा छापील आहे. १५९२ साली जपानात जेझुइट पाद्र्यांनी ‘हेइके’ घराण्याची प्रसिद्ध कथा रोमन लिपीत छापली. त्यात ‘हेइके’ऐवजी ‘फेइके’ वाचायला मिळते. ज्या यंत्रावर जपानातली ही छपाई झाली ते युरोपातून गोव्यामार्गे गेले होते आणि १५८८ साली एका जपानी तरुणाचे लॅटिन भाषण गोव्यातच छापले गेले होते. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला रोमन लिपीत छापले गेले, ते यानंतर थोड्याच वर्षांनी. मराठी आणि जपानी या दोन्ही भाषा एकाच काळात रोमन टायपांत शिरल्या. पण हे विषयांतर झाले.

‘सा’चेही तसेच. जुन्या काळी त्याचा उच्चार ‘त्स’ किंवा ‘च’च्या जवळचा असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. तेव्हा तो ‘च’च्या जागी बसला यात नवल नाही. वर्णमालेतली जागा ही अशी साक्षीदार ठरते. उच्चार बदलला, पण ओळ जागची हलली नाही, म्हणून हजार वर्षांपूर्वीचा उच्चार आज कळतो. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर भिंतीवरच्या तक्त्यातच होते.

हा क्रम तिथे नेला कोणी? इथे ‘सिद्धम्’ भेटते. सहाव्या-सातव्या शतकांत उत्तर भारतात ब्राह्मीपासून निघालेल्या एका लिपीला चीन-जपानात ‘सिद्धम्’ म्हणू लागले. वर्णमालेच्या आरंभी लिहायचा मंगलशब्दच लिपीचे नाव झाला. जपानीत त्याचे झाले ‘शित्तान’. होर्यूजी विहारात जतन झालेल्या ताडपत्रांवर संस्कृत ग्रंथाच्या शेवटी अख्खी वर्णमाला लिहिलेली आहे. ती पाने आता टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहेत. ७३६ साली बोधिसेन हा भारतीय भिक्षू जपानात पोचला. ७५२ साली नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे त्याने रेखले. त्या विधीतला कुंचला अजून शोसोइन भांडारात आहे. ८०४ साली कूकाइ हा जपानी भिक्षू चीनला गेला, तिथे भारतीय आचार्यांकडून संस्कृत शिकला आणि ८०६ मध्ये सिद्धम्‌चे ग्रंथ घेऊन परतला. मंत्रांचा उच्चार चुकता कामा नये, म्हणून त्याच्या परंपरेतले भिक्षू वर्णमाला घोकू लागले. घोकता घोकता आपल्या भाषेचे उच्चारही ते त्याच चौकटीत मांडून पाहू लागले. अकराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका हस्तलिखितात असा तक्ता दिसतो, पण त्यातला स्वरांचा क्रम वेगळाच आहे. १०९३ साली म्योगाकु नावाच्या भिक्षूने स्वर अ, इ, उ, ए, ओ असे लावले; ओळींचा क्रम तरीही आजचा नव्हता. तो त्यानंतर हळूहळू बसला. सर्वसामान्य जपानी माणूस त्यानंतरही कित्येक शतके प्रत्येक अक्षर एकदाच येणाऱ्या एका कवितेच्या क्रमाने अक्षरे म्हणत असे. ओत्सुकी फुमिहिको याने १८८९ ते १८९१ या काळात प्रसिद्ध केलेल्या ‘गेन्काइ’ या शब्दकोशात शब्द वर्णमालेच्या क्रमाने लावले, आणि मग शाळांतही तोच क्रम रूढ झाला.

वर्गात ही गोष्ट रंगली, तसा एका सहकाऱ्याला उत्साह आवरेना. “म्हणजे जपानी लिपी भारतातूनच गेली तर!” असे तो म्हणाला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबवणे आम्हांला भाग होते. लिपी गेलेली नाही. कताकानातले एकही अक्षर ब्राह्मीवरून आलेले नाही. आकार चिनी अक्षरांचे तुकडे आहेत. गेली ती मांडणी. उच्चार तोंडात कुठे होतो ते पाहून वर्ण ओळीने लावण्याची रीत गेली. असे बोललेले मुलांना कदाचित कमी गोड वाटेल, पण अर्धवट खरे सांगून मिळवलेल्या टाळ्या पुढे महागात पडतात. एखादे मूल मोठेपणी जपानी माणसासमोर हेच बोलेल आणि तो हसेल.

शेलूबाजारच्या मुलांना अभिमान वाटावा असे काही हवेच असेल, तर ते जिल्ह्यातच आहे. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा चौथ्या शतकातला ताम्रपट वाशिमलाच सापडला आणि १९३९ साली उजेडात आला; त्याचा काही भाग संस्कृतात आणि काही प्राकृतात आहे. वाकाटकांच्या लेखांत अक्षरांच्या डोक्यावर लहान चौकोनी पेटी असते, म्हणून त्या वळणाला पेटिकाशीर्षक म्हणतात. याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ क्रमांकाचे लेणे कोरवून घेतले. आता इथली अक्षरे जपानला गेली असे कोणी म्हणू नये. सिद्धम् ही उत्तरेकडची लेक आहे आणि पेटिकाशीर्षक दक्षिणेकडची. दोघी ब्राह्मीच्याच. ‘रो’चा चौकोन काढताना एका मुलीने, पेटीतही असाच तळ शेवटी काढत असतील का, असे विचारले. तांब्यावर छिन्नीने कोरायचे असेल तर क्रमाला फारसा अर्थ राहत नाही, असे आम्ही सांगितले. पण कोरण्याआधी कोणीतरी शाईने लिहून देत असेलच, असे ती म्हणाली. तिचे म्हणणे रास्त होते.

शेवटच्या दिवशी नावे लिहिली. ‘वाशिम’ सोपे: वा, मग स्वर लांबवणारी आडवी रेघ, मग शि, मग मु. शेवटचे ‘मु’ अशासाठी की, त्या एका ‘न्’खेरीज नुसते व्यंजन जपानीत लिहिता येत नाही. हा ‘न्’ही आपल्या अनुस्वारासारखा आहे, पुढे ‘क’ आला तर ‘ङ’, ‘प’ आला तर ‘म’. ‘शेलूबाजार’ला मेहनत पडली. ‘शे’साठी ‘शि’ आणि त्याच्या पायाशी लहान ‘ए’, मग रू, मग टिंबे दिलेला ‘हा’, म्हणजे बा. पुढच्या अक्षरासाठी आम्ही मुलांनाच विचारले: हा ज कोणता, ‘जीवना’तला की ‘जागे’तला? सगळे एकदम ओरडले, जागेतला. मग टिंबे दिलेला ‘सा’ चालतो, त्याचा उच्चार जवळपास तसाच आहे. शेवटी रु. पाठीमागच्या बाकावरच्या त्याच मुलाने मोठ्याने वाचून दाखवले, “शेरूबाजारु.” आणि लगेच विचारले, “सर, आमचा ल कुठी गेला?”